विहीणबाईचा उतार

मागची – बाकीच्यांना टेकड्या दिसतात, झाडं दिसतात. मला मेली कायम ही एक पाठ. त्यातून खांद्यावरची शिवण उसवलेली.

पुढचा – मग थांबवू का सायकल? घे शिवून.

मागची – नका थांबवू. चढावर थांबलो की परत निघताना तुम्ही हँडल धरून रुबाबात बसून राहता आणि मला उतरून ढकलावं लागतं.

पुढचा – एकदा झालं असेल तसं.

मागची – दरवर्षी एकदा.

पुढचा – बोलण्यात दम घालवू नकोस. जोडसायकल आहे ही. पुढे बसलेल्याला बरोबर कळतं, मागून जोर येतोय की नुसतं भाषण येतंय.

मागची – जोर माझाच आहे हो. लोकांचे कपडे शिवून, आयुष्यभर पायमशीन चालवून कमावलेले पाय आहेत हे. तुम्ही काय, खुर्चीभोवती फिरून डोकी भादरलीत.

पुढचा – भादरत नाही मी, केस कापतो. हा चढ कसा आहे सांगू? उलट्या हाताने दाढी करावी तसा. घाई केली की रक्त निघणार.

मागची – अहो, उजवीकडे बघा, काय फुललंय झाड.

पुढचा – हं.

मागची – बघितलं ना?

पुढचा – बघितलं. छान आहे.

मेहुणा – ताई, दाजी, जरा दमानं घ्या की. तुमचे चार पाय, माझे दोनच, आणि त्यातला एक कालपासून रुसलाय.

पुढचा – आले का विमासम्राट? आम्हाला वाटलं, फेरीत दमलेल्यांना गोळा करत येणाऱ्या त्या गाडीत जाऊन बसलास.

मेहुणा – बसेन, बसेन, घाई काय आहे. मागे एक हेडमास्तर भेटले. धापा टाकत होते. त्यांना म्हटलं, सर, अशा वेळी माणसाला घरच्यांची आठवण होते. नुसतं एवढंच म्हटलं हो मी. ते खाली उतरले आणि सायकल हातात धरून चालायलाच लागले.

पुढचा – चढावर गिऱ्हाईक गाठतोस, काही वाटत नाही तुला?

मेहुणा – चढावर माणूस पळून जाऊ शकत नाही, दाजी. सपाटीवर मला बघून लोक रस्ता बदलतात.

मागची – डावीकडे बघा हो, पाण्याची टाकी नवी रंगवलीय.

पुढचा – बघितली. निळी आहे.

मेहुणा – कुठाय टाकी?

मागची – गेली मागे. तू आपला पुढे बघून चालव.

मेहुणा – चालवतोय. पहिली टेकडी मावशी आहे म्हणून या गप्पा सुचतायत. पुढे आत्या, तिच्यामागे सासू, आणि सगळ्यात शेवटी विहीणबाई. ही नावं ठेवणारा माणूस मला एकदा भेटायला हवाय. घरी फारच सोसलेलं दिसतंय त्याने.

पुढचा – विहीणबाई चढायला गोड आहे.

मेहुणा – चढायला गोडच. काय काय मनात धरून ठेवलंय ते उतरताना कळतं. एकावर एक वळणं, एका अंगाला दरी, आणि कठडा म्हणून नुसते रंगवलेले दगड.

पुढचा – कितीदा उतरलोय मी तिथून. डोळे मिटून उतरवीन.

मागची – डोळे मिटायची काही गरज नाही.

*

मेहुणा – बस इथे, ताई. केळं खा. आत्या संपली, म्हणजे अर्धं झालं. दाजी कुठायत?

मागची – गेलेत बाटल्या भरायला. ते बघ, त्या मांडवाच्या खांबाला खांदा लागला. आता खांबाकडे कसे बघतायत बघ. जसा काही खांबच चालत आला अंगावर.

मेहुणा – ताई, आज सांगायचं ठरलं होतं.

मागची – तू सांगणार होतास.

मेहुणा – मी? बायको तू आहेस.

मागची – म्हणूनच. आणि बोलण्याचा धंदा तुझा. चहा पिता पिता अनोळखी माणसाला तू त्याच्या मरणाचं सांगतोस, आणि दाजींना एवढी एक गोष्ट सांगता येत नाही तुला?

मेहुणा – अनोळखी माणूस माझे केस कापत नाही, ताई. हे बघ. हा कल्ला इथे, आणि हा इथे. बायको म्हणते, एक कान वर सरकल्यासारखा दिसतो.

मागची – अख्ख्या बाजाराचे कल्ले तसेच आहेत. इतके सगळ्यांचे आहेत की आता ते बरोबर वाटायला लागलेत. परवा तो घड्याळवाला माझ्याकडे पँट आखूड करायला आला. पँट तर बरोबरच होती. हळूच म्हणाला, वहिनी, जरा कानापाशी कात्री फिरवता का. पडद्यामागे उभा करून त्याचे कल्ले सारखे केले मी. आणि शेजारी ह्यांच्या दुकानात आवाज जाऊ नये म्हणून मशीन रिकामंच चालवत ठेवलं एका पायाने.

मेहुणा – तरी जातातच सगळे त्यांच्याकडे.

मागची – जातात. मी विचारलं एकदोघांना. म्हणाले, वहिनी, इतकी वर्षं त्यांच्याच खुर्चीत बसलोय, आता दुसरीकडे कुठे डोकं द्यायचं. आणि बोलत कुणीच नाही.

मेहुणा – डोळ्यांच्या डॉक्टरांचं तरी काय केलं त्यांनी. मी वेळ घेऊन दिली, दारापर्यंत सोडून आलो. दाजी आत गेले, डॉक्टरांच्या डोक्याकडे बघितलं, म्हणाले, साहेब, फार वाढलेत, दुकानात या उद्या. आणि आले परत.

मागची – ते बिचारे आलेही. माझ्याकडून सगळं दिसत होतं. खुर्चीत बसल्या बसल्या अंगावरच्या कापडाखालून हात बाहेर काढून बाजूला बोटं नाचवत होते, ह्यांना कळतंय का बघायला. ह्यांचं आपलं कात्रीत लक्ष. नंतर डॉक्टर माझ्याकडे आले. म्हणाले, तपासल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही, पण बोगद्यातून बघावं तसं झालंय त्यांचं. समोरचं तेवढं उरलंय. लवकर औषध सुरू केलं तर आहे तेवढं राहील. टाळत बसले तर तेही जाईल.

मेहुणा – आणि?

मागची – आणि टोपी घालून गेले.

मेहुणा – हसू नकोस, ताई.

मागची – मी हसत नाहीये. माझं तोंड दमलं की असं होतं.

मेहुणा – आणि ती टाकी कुठे होती मघाशी? मी मान वळवून वळवून बघितलं.

मागची – टाकी नव्हतीच. उजव्या अंगाला खड्डा होता, बैल मावेल एवढा. डावीकडे बघा म्हटलं की ते सायकल डावीकडे घेतात, उजवीकडे बघा म्हटलं की उजवीकडे. एकदा असंच एक झाड दाखवलं होतं मी, खरंखुरं, तर सायकल आपोआप त्या बाजूला गेली आणि दगड चुकला. तेव्हापासून चालू आहे. तेव्हापासून मी त्यांना इतकी फुलं दाखवलीत, तेवढी कुणी लावली पण नसतील.

मेहुणा – आणि त्यांना काही संशय नाही?

मागची – त्यांना वाटतं, वय झालं तशी बायकोला निसर्गाची आवड लागली.

मेहुणा – विहीणबाईवर फुलं दाखवायला वेळ मिळणार नाही हं. वळण आलं म्हणेपर्यंत गेलेलं असतं. आणि दोन्ही ब्रेक पुढच्याच्या हातात. मागे बसलेल्याने नुसतं देवाचं नाव घ्यायचं.

मागची – म्हणून तर पहाटे ते दुकान उघडायला गेले की तुला मागे बसवून मैदानात घिरट्या घातल्या ना मी. शेवटच्या उताराला मी पुढे बसणार. सीट खाली घ्यायला पाना आणलाय पिशवीत.

मेहुणा – आणि दाजी उठून मागे बसतील, असं वाटतं तुला?

मागची – कधी बसलेले नाहीत. वेल्डिंगवाल्याकडून दोन सायकली जोडून आणल्या, तेव्हा पहिलं वाक्य तेच, पुढे मी. मला हँडलला हात लावू दिला नाही. मला तेव्हा बरंही वाटलं. आता ती सीट सोडायची म्हणजे नुसती सीट सोडायची नाही रे. आज हँडल सोडलं तर उद्या कात्रीही ठेवावी लागेल, हे त्यांना कळतं. मग दुकान कसलं आणि ते कोण. तिथे येऊन माझी जीभ अडकते.

मेहुणा – मुलीला काय म्हणालीस फोनवर?

मागची – ती म्हणाली, आई, तू सांगून टाक. मी म्हटलं, मामा सांगेल.

मेहुणा – मला म्हणाली, मामा, तू काळजी करू नकोस, आई सांगणार आहे.

मागची – आले. केळं खा. तोंड भरलेलं ठेव.

पुढचा – काय खलबतं चाललीत भावाबहिणीची?

मेहुणा – पॉलिसीचं सांगत होतो ताईला.

पुढचा – तिला कशाला हवी पॉलिसी? माझ्या मागे बसते, हाच तिचा विमा. या मांडवाला मध्येच खांब कुणी रोवलाय देव जाणे. आणि ही तुझी पिशवी एवढी जड कशी? पाना?

मागची – सायकल म्हटल्यावर पाना नको?

पुढचा – चाकाला हा पाना लागत नाही. हा सीटचा आहे.

मागची – हाताला लागला तो घेतला. आता काय परत ठेवून येऊ?

पुढचा – राहू दे. असू दे.

*

मागची – संपली बाई एकदाची सासू. माझ्या मांड्या आता माझ्या राहिलेल्या नाहीत.

पुढचा – चढ संपलाय नुसता. उतारावरही ती सासूच असते. धरून बस घट्ट.

मागची – बसलेय. उजवीकडे बघा, काय ढग आलेत.

पुढचा – हं.

मागची – आता डावीकडे, त्या घराची कौलं बघा किती लाल.

पुढचा – हं. पण हा वारा बघ काय लागतोय. केसाच्या दिशेने वस्तरा फिरावा तसं चाललंय. यासाठी तर यायचं. तीन टेकड्या रक्त आटवून यायचं ते या एवढ्याशासाठी.

मागची – खरंच हो. मलाही आज काहीतरीच हलकं वाटतंय. अगंबाई, डावीकडे बघा, केवढं तळं आहे.

पुढचा – हं.

मागची – अहो. अहो, कुठे चाललात. रस्ता इकडे आहे. अहो, ब्रेक दाबा, ब्रेक.

पुढचा – लागलं का तुला?

मागची – नाही. झुडपात पडलेय. काटे नाहीत, देवाची कृपा. तुम्हाला?

पुढचा – गुडघा सोलवटलाय. बाकी हातपाय जागच्या जागी आहेत. सायकल कुठे गेली?

मागची – तुमच्या अंगावर आहे.

पुढचा – हो, ही काय.

मागची – थांबा, हलू नका, मी उचलते. पायडल अडकलंय शर्टात. आता फाटला तो पुरता, शिवायचा प्रश्नच मिटला.

पुढचा – तू डावीकडे बघा म्हणालीस.

मागची – बघा म्हणाले. वळा नाही म्हणाले.

पुढचा – हो. बघाच म्हणालीस.

मागची – तळं होतं हो. आहे अजून, ते तिकडे झाडांच्या मागे. इतकं निळंशार, ऊन पडलेलं. माझं भानच राहिलं नाही.

पुढचा – म्हणजे या वेळी खरंच तळं होतं.

मागची – या वेळी म्हणजे?

पुढचा – काही नाही. हात दे, उठव मला.

मेहुणा – दाजी! ताई! काय झालं, कसे पडलात? मला वरून दिसलं, सरळ रस्ता सोडून तुम्ही शेतात निघालात.

पुढचा – कुत्रं आडवं आलं.

मेहुणा – कुत्रं? या इथे?

मागची – हो ना. एकदम आलं. पांढरं.

पुढचा – काळं होतं.

मेहुणा – पांढरं की काळं?

पुढचा – ठिपक्याठिपक्यांचं. तुला काय करायचंय, त्याचाही विमा उतरवणार आहेस का? पाणी दे इकडे.

*

मेहुणा – आलो. विहीणबाईच्या डोक्यावर आलो. टेका जरा, दाजी. ती गाडी आलीय मागे. ड्रायव्हर विचारत होता, जोडसायकल टपावर बांधून दोघांना आत घेऊ का म्हणून. म्हणाला, तुमच्या दाजींचा गुडघा लाल दिसतोय.

पुढचा – मग तू काय म्हणालास?

मेहुणा – म्हटलं, विचारून सांगतो. आत पंखा आहे, दाजी. हेडमास्तर बसलेत, आणखी दोघं बसलेत. वातावरण चांगलं आहे.

पुढचा – त्यांना म्हणावं, आम्ही सायकलवरूनच खाली येतो. चार टेकड्यांची फेरी म्हणजे चार. साडेतीन टेकड्या केल्या असं सांगत फिरायचं का दुकानात?

मेहुणा – सांगतो. पण त्याआधी दाजी, मला तुम्हाला एक सांगायचं होतं.

पुढचा – सांग.

मेहुणा – म्हणजे कसं असतं, माणसाच्या आयुष्यात काही जोखमी असतात. काही दिसणाऱ्या, काही न दिस… म्हणजे काही लक्षात न येणाऱ्या. अशा वेळी शहाणा माणूस काय करतो?

पुढचा – हप्ता किती आहे ते सांग.

मेहुणा – हप्ता नाही हो. घरचं बोलतोय.

पुढचा – मग बोल की. मी ऐकतोय. तूही ऐकतेयस ना गं?

मागची – ऐकतेय.

मेहुणा – म्हणजे असं, की तुमच्या… तुमच्या पुढच्या चाकात मला हवा जरा कमी वाटते.

पुढचा – बरं.

मेहुणा – एवढंच सांगायचं होतं.

मागची – धन्य आहेस रे बाबा. सरक तिकडे. अहो, माझी पाठ धरलीय.

पुढचा – केव्हापासून?

मागची – त्या झुडपात पडले तेव्हापासून. मागच्या हँडलला वाकून वाकून कळ येतेय. पुढे बसलं तर सरळ बसता येईल. एवढ्या एका उताराला मी पुढे बसू का? घरी जाताना परत तुम्ही बसा. परत तुमचीच सीट.

पुढचा – पाठ दुखतेय म्हणून.

मागची – पाठ दुखतेय म्हणूनच. दुसरं काय.

मेहुणा – पाठीचं दुखणं फार वाईट, दाजी. आमच्या ऑफिसात एकाला…

पुढचा – तू गप्प बस. बरं, बस तू पुढे. मीही बघतो मागे बसून काय गंमत असते ती. तो पाना काढ.

मागची – काढते.

पुढचा – सीट चार बोटं खाली घे. पहाटे दोनच बोटं घ्यायचीस, त्यात पाय कसे टेकायचे तुझे?

मागची – पहाटे?

पुढचा – आणि परत वर करताना बोटभर कमीच ठेवायचीस. आठवडाभर मला वाटत होतं, या वयात माझे पाय कसे काय लांब होतायत. दुकानात आरशासमोर उभा राहून पँट बघितली, आखूड झालीय का म्हणून.

मेहुणा – दाजी, मला यातलं काही माहीत नाही.

पुढचा – तुला काय माहीत असणार. मागचा टायर तेवढा तुझ्या वजनाने रोज बसलेला असायचा. जा, त्या गाडीवाल्याला सांग, हळूहळू मागून ये म्हणावं. आणि तू पुढे हो. खाली जाऊन चहा सांगून ठेव.

मेहुणा – तीन सांगू?

पुढचा – डॉक्टरांना पण बोलावणार आहेस का? तीनच सांग. आणि पोचलो की त्यांच्याकडे परत वेळ घ्यायचं… जाऊ दे, ते खाली बोलू. निघ तू.

मेहुणा – निघतो. सावकाश या.

(सीटा वर-खाली होतात. दोघं एकमेकांच्या जागी बसतात.)

पुढची – ठेवलेत पाय?

मागचा – ठेवले. सोड ब्रेक. पुढचा एकदम दाबायचा नाही, मागचा आधी. मान आवळायची नाही. गिऱ्हाईक मान आवळून बसलं की वस्तरा लागतो.

पुढची – माहितेय हो. निघाले मी.

मागचा – चांगली चालवतेस.

पुढची – बोलू नका, वळण आहे.

मागचा – बरं.

पुढची – गेलं. आता बोला.

मागचा – मागून असं दिसतं होय. नुसती पाठ.

पुढची – मी काय सांगत होते इतकी वर्षं?

मागचा – पण तुझी पाठ चांगली आहे. शिवण बिवण नीट आहे. हे केस मात्र कुणी कापलेत गं? एका बाजूला चांगले दोन बोटं वर गेलेत. कुठल्या पार्लरात गेली होतीस? शिकाऊ पोर असणार कुणीतरी.

पुढची – वळण आहे. थांबा.

मागचा – थांबलो.

पुढची – तुम्हीच कापलेत ते.

मागचा – मी?

पुढची – गेल्या महिन्यात. अंगणात स्टुलावर बसवून. मग मला आरसा दाखवलात आणि म्हणालात, कशी पंचविशीतली दिसतेस.

मागचा – आणि तू काय म्हणालीस?

पुढची – म्हटलं, दिसतेय खरी.

मागचा – वाकडे होते तरी?

पुढची – आवडले मला. हे आलं बघा मोठं वळण. आता खरंच बोलू नका, हात आखडलेत माझे.

मागचा – सैल सोड. आहे मी मागे. हां. अशी. मागचा ब्रेक, हळू, हळू. सुटलीस.

पुढची – सुटलो बाई. दगडाला घासून गेलो का?

मागचा – नाही, लांब होता. मागून बघितला मी, वळताना समोर आला तेव्हा.

पुढची – घाम फुटला मला.

मागचा – बाजारात सगळ्यांचेच तसे आहेत का?

पुढची – काय?

मागचा – कल्ले.

पुढची – तुमच्या मेहुण्याचा एक जरा वर आहे.

मागचा – आणि डॉक्टर टोपी का घालतात ते आता समजलं.

पुढची – ऊन लागत असेल त्यांना.

मागचा – हो, ऊनच असेल. तू पानगळीतही मला फुलं दाखवायचीस. मी म्हणायचो, असतील. बायको म्हणतेय तर असतील. एकदा तर भर उन्हाळ्यात, वठलेल्या झाडापाशी म्हणालीस, काय बहर आलाय. मी मुकाट्याने उजवीकडे घेतली.

पुढची – मग बोलला का नाहीत?

मागचा – तू इतकं छान सांगायचीस. कशाला बोलायचं?

पुढची – अहो, आता रस्ता सरळ झालाय जरा. खालची घरं दिसायला लागली.

मागचा – आली का घरं? अजून एक वळण आहे ना?

पुढची – एकच. छोटं आहे. बराच वेळ आहे त्याला.

मागचा – आज काही दाखवत नाहीयेस तू.

पुढची – आता कशाला दाखवू? हँडल माझ्या हातात आहे.

मागचा – म्हणूनच. आता नुसतंच दाखव. डावीकडे काय आहे?

पुढची – मला समोर बघायचंय. तुम्हाला काय काम आहे मागे बसून? मान वळवा आणि खुशाल बघा.

मागचा – तू सांग. मला बाजूचं दिसत नाही गं.